वॉरंटी संपल्यावर तोच पार्ट पुन्हा गेला, तर पैसे कोणी द्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गाडीची एसीची कूलिंग कॉइल सात वर्षांत तीनदा बदलली. पहिली वॉरंटीत, दुसरी माझ्या खिशातून. तिसऱ्या वेळी अख्खा डॅशबोर्ड उघडा पडला होता, वायरी लोंबत होत्या, आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, ह्या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच." त्या 'येतोच' शब्दावर मी अडून बसलो. येतोच हे तुम्हाला ठाऊक आहे, मग बिल माझ्या नावावर का? तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसातले, पाहुण्यांतले लोक आपापली जॉब कार्डं (गाडी दुरुस्तीला देताना वर्कशॉप तक्रार लिहून देतं तो कागद) घेऊन माझ्याकडे येतात. मी वकील नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकदा लिहून टाकलेली बरी.

वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली, असंच ना?

नाही. शोरूममध्ये मात्र हे वाक्य असं काही म्हणतात की कायद्याचं कलमच वाटावं.

वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल तोवर ठरलेल्या अटींत पार्ट फुकट बदलून देऊ, एवढंच ते म्हणतं. वस्तू मुळात धड असली पाहिजे ही अपेक्षा त्याहून जुनी आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातच, विकलेली वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाची असावी, अशी गृहीत अट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' याची व्याख्या आहे: गुणवत्ता, प्रमाण, क्षमता किंवा दर्जा यांतली उणीव. त्या व्याख्येत वॉरंटीची तारीख कुठेही नाही.

बदलतं ते एवढंच की ओझं कोणाच्या डोक्यावर. वॉरंटीत असताना नकार द्यायचा तर कारण कंपनीने शोधायचं. वॉरंटी संपली की पैसे मागायचं कारण तुम्ही शोधायचं. हे ओझं हलकं नाही, पण उचलता येतं.

म्हणजे पाचव्या वर्षी काहीही बिघडलं तरी कंपनीने भरायचं?

छे. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश झिजण्यासाठीच बनलेले असतात. तुम्ही क्लचवर पाय ठेवून खंबाटकी घाट चढत असाल तर प्लेट जळणारच, त्याचा दोष कारखान्याला देऊ नका. पावसाळ्यात खड्ड्यात गाडी आपटून लिंक रॉड गेला तर भांडण कंपनीशी नाही, रस्ता बांधणाऱ्याशी आहे, आणि ते वेगळंच प्रकरण आहे.

बिघाड ढोबळमानाने तीन जातींचे. झीज, हेळसांड आणि जन्मजात दोष. पहिल्या दोहोंचे पैसे आपले. तिसऱ्याचे आपले नाहीत, मग वॉरंटी चालू असो वा संपलेली. सगळी ओढाताण होते ती बिघाड कोणत्या जातीचा हे ठरवताना.

जन्मजात दोष आहे हे माझ्यासारख्या माणसाने ओळखायचं कसं?

गाडी उघडून कळणार नाही. आजूबाजूच्या खुणा वाचाव्या लागतात.

एक, पार्टचं वय. टर्बो, स्टिअरिंग रॅक, एबीएस मॉड्यूल, कूलिंग कॉइल यांचा सर्व्हिसच्या तक्त्यात 'इतक्या किलोमीटरला बदला' असा उल्लेख नसतो. म्हणजे कंपनीच्याच हिशेबाने ते बराच काळ टिकायचे असतात. असा पार्ट पंचेचाळीस हजारांवर गेला तर त्याला झीज म्हणणं अवघड आहे.

दोन, तुमच्यासारखे किती. त्याच मॉडेलच्या, त्याच सुमाराच्या गाड्यांना तोच त्रास असेल तर चालवणाऱ्या सगळ्यांचेच पाय एकसारखे वाकडे असण्याची शक्यता कमी.

तीन, पार्ट नंबर. ही खूण फार कमी लोक बघतात. जुन्या बिलावरचा आणि नव्या बिलावरचा नंबर शेजारी ठेवा. शेवटचं अक्षर किंवा शेवटचे आकडे बदलले असतील, तर कंपनीने मधल्या काळात त्या पार्टमध्ये काहीतरी सुधारणा केलेली असू शकते. ती का केली, हा प्रश्न लेखी विचारा. नंबर कधीकधी पुरवठादार बदलल्यामुळेही बदलतो, म्हणून एवढ्यावर निकाल लावू नका. पण प्रश्न विचारायला ही जागा उत्तम.

चार, कंपनीने स्वतःच्या वर्कशॉपांना पाठवलेल्या तांत्रिक सूचना. 'अमुक आवाज आला तर तमुक पार्ट नव्या प्रकारचा बसवा' अशा सूचना वर्कशॉपात येत असतात. आपल्याला त्या दाखवत नाहीत. पण मेकॅनिक बोलतो. चहाला बोलवा.

कंपनी म्हणते, तुमच्याकडची हवा खारी आहे म्हणून पार्ट सडला.

हे मलाही ऐकवलं गेलं. कूलिंग कॉइल अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यावर पाणी साचतं, धूळ आणि पालापाचोळा बसतो, निचऱ्याची नळी तुंबली तर ओल राहते, आणि सूक्ष्म छिद्रं पडून गॅस निसटतो. हवेचा परिणाम होतो, यात खोटं काही नाही.

पण रत्नागिरीत शोरूम काढून गाडी विकायची आणि मग समुद्राला दोष द्यायचा, हे जरा जास्त झालं. समुद्र शोरूमच्या आधीपासून तिथेच आहे. ज्या हवेत गाडी विकली, त्या हवेत ती टिकावी हे गृहीतच आहे. नळी साफ करायची होती तर ते सर्व्हिसच्या यादीत असायला हवं होतं, आणि सर्व्हिस तुम्ही त्यांच्याकडेच केली असेल तर ते काम त्यांचं होतं.

एकदा गेला तर नशीब म्हणू. पण तोच पार्ट दुसऱ्यांदा गेला तर?

इथे हिशेब पार बदलतो, आणि माझ्या मते इथेच ग्राहक सगळ्यात जास्त फसतो.

चांगला पार्ट ठरल्याप्रमाणे न टिकता दुसऱ्यांदा गेला, तर कारणं साधारण तीन. नवा पार्टही जुन्याइतकाच कच्चा होता. किंवा खरं कारण दुसरीकडेच होतं आणि वर्कशॉपने ते न शोधता फक्त पार्ट बदलला. किंवा बसवताना चूक झाली. तिन्ही कारणांत ग्राहक कुठे आहे? पहिल्यात कारखाना, उरलेल्या दोहोंत वर्कशॉप. आपण फक्त बिल भरायला उभे.

आता कागदावरची गोम. वॉरंटीत फुकट बदललेल्या पार्टला बहुधा नवी वॉरंटी मिळत नाही, मूळ वॉरंटीचे उरलेले दिवसच मिळतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात बदललेला पार्ट एका महिन्यात पोरका होतो. पैसे देऊन बसवलेल्या पार्टला मात्र वेगळी वॉरंटी असते. ती बिलाच्या मागच्या बारीक अक्षरांत किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत असते, आणि मुदत कंपनीगणिक वेगळी. काउंटरवरचा माणूस आपण होऊन सांगेलच असं नाही.

माझा स्वतःचा न्याय असा, आणि हा कायदा नव्हे, माझं मत आहे: दीर्घकाळ टिकायचा पार्ट वॉरंटी संपल्यावर वर्ष-दोन वर्षांत पहिल्यांदा गेला तर पार्टचे पैसे कंपनीने द्यावेत, लेबर आपण द्यावं. आपण काही वर्षं तो वापरलाय, तेवढं चालतं. तोच पार्ट दुसऱ्यांदा गेला तर पार्ट, लेबर, गॅस, टोइंग सगळं त्यांचं. लेबरवर मी भर देतो, कारण कॉइलसारख्या कामात पार्टइतकाच खर्च डॅशबोर्ड उतरवून पुन्हा बसवण्याचा होतो, आणि 'पार्ट फ्री दिला ना सर' म्हणत तो हळूच आपल्या गळ्यात येतो.

शोरूम म्हणतं कंपनीकडे जा, कंपनी म्हणते शोरूमकडे जा. नक्की धरायचं कोणाला?

दोघांनाही. कंपनी आणि डीलर यांच्यातला करार बहुधा 'दोन स्वतंत्र धनी' अशा धर्तीचा असतो, त्यामुळे एकाच्या चुकीला दुसरा आपोआप बांधील होत नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची, आधीच काही शे किलोमीटर फिरलेली गाडी ग्राहकाला दिली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीला त्यातून मोकळं केलं, कारण डीलरच्या ह्या उद्योगाची कंपनीला माहिती होती असं तक्रारीत नीट मांडलेलं नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं.

त्यातून आपण घ्यायचं ते असं: पार्टच कच्चा आहे, ही तक्रार कंपनीविरुद्ध. निदान चुकलं, बसवणं चुकलं, माहिती लपवली, ही डीलरविरुद्ध. नक्की कोणतं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायचं आणि प्रत्येकाने काय चुकवलं ते वेगवेगळं लिहायचं. 'दोघे जबाबदार' एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

हे 'गुडविल' काय असतं? माझ्या मित्राला अर्धे पैसे माफ झाले.

वॉरंटीबाहेरच्या गाडीचा खर्च कंपनीने पूर्ण किंवा थोडा उचलणं, याला त्यांच्या भाषेत गुडविल म्हणतात. नाव असं की जणू दिवाळीची ओवाळणी. प्रत्यक्षात कंपनीला जिथे आपली चूक दिसते, पण कबूल करायची नसते, तिथे हा दरवाजा उघडतो.

तो उघडतो मागणाऱ्याला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या हातात तो नसतो. तो वर्क्स मॅनेजरकडे पाठवतो, तिथून कंपनीच्या एरिया मॅनेजरकडे, तिथून वर. म्हणून काउंटरवर आवाज चढवून उपयोग नाही. तो पोरगा पगारी नोकर आहे, त्याला शिव्या देऊन काय मिळणार? लेखी ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि डीलरला एकत्र. चासी नंबर, किलोमीटर, आधी कधी कधी तोच पार्ट बदलला त्या तारखा, जॉब कार्ड नंबर, आणि शेवटी स्पष्ट मागणी: 'पार्ट व लेबर दोन्हींचा पूर्ण खर्च कंपनीने करावा.' सगळ्या सर्व्हिस कंपनीकडे वेळेवर झाल्या असतील तर ते पहिल्या परिच्छेदात लिहा, गुडविल देताना ते बघतात.

आणि हे सगळं काम सुरू करण्याआधी. गाडी दुरुस्त होऊन, बिल भरून, किल्ली हातात आल्यावर गुडविल मागणं म्हणजे वरात गेल्यावर बँड ठरवणं. गाडीवाचून अडलंच असेल तर बिलावर 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असं लिहून सही करा आणि तसा ईमेलही टाका.

पहिला देकार बहुतेक वेळा अर्ध्या पार्टचा येतो. नको म्हणायला लाजू नका. दुसऱ्या फेरीत मला पार्ट पूर्ण मिळाला. लेबर मात्र गेलंच.

कोणते कागद सांभाळायचे?

जॉब कार्ड. बाकी सगळं नंतर. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. 'एसी थंड होत नाही, गॅस चार महिन्यांपूर्वी भरला होता' असं लिहायला लावा. गाडी 'तपासली, दोष आढळला नाही' म्हणून परत दिली, तरी तो कागद मोलाचा, कारण वॉरंटीत असतानाच तुम्ही तक्रार केली होती हे त्यावरून दिसतं. वॉरंटी संपण्याआधी सुरू झालेली आणि संपल्यानंतर उघडकीला आलेली तक्रार ही ग्राहकाची सगळ्यात भक्कम बाजू.

दुसरं, काढलेला पार्ट. पैसे तुम्ही दिले असतील तर जुना पार्ट मागून घ्या, पिशवीत घालून तारीख लिहून माळ्यावर टाका. घरचे नाकं मुरडतील, मुरडू द्या. भंगारात गेलेल्या पार्टची तपासणी करता येत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये एकदा काम केलं होतं. आता सगळंच गेलं का?

सगळं नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द अशी अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली ती वेगळी. पण बाहेर टायर बदलले म्हणून स्टिअरिंग रॅकचा दावा नाकारला, तर 'या दोहोंचा संबंध लेखी दाखवा' एवढं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. त्याच पार्टला बाहेर हात लागला असेल, तर मात्र तुमची बाजू खरोखरच लंगडी होते.

ग्राहक आयोगात जावं का?

रकमेकडे आणि स्वतःच्या चिकाटीकडे बघून ठरवा. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागत नाही, पण कंपनीच्या वेगळ्या टेबलावर कागद जातो, आणि बऱ्याचदा तेवढ्याने गुडविल जागं होतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

आयोगात जायचं तर ५० लाखांपर्यंत किमतीच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी पुण्यात घेतली आणि राहता लातूरला, तर लातूरला. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हे वाचून हसू नका.

दोन गोष्टींवर दावे पडतात. पहिली, तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत. कंपनी म्हणते गाडी घेतल्यापासून मोजा. २०१५ साली घेतलेल्या एका गाडीला २०१७ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटलं की नेहमीच्या वापरात न दिसणाऱ्या अशा दोषाची मुदत तो उघड झाल्यापासून धरायची. ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार असावा अशी अपेक्षा नाही, असंही त्याच निकालात आहे.

दुसरी, पुरावा. दोष आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तज्ज्ञाचा अहवाल मागवू शकतो. तसा अर्ज सुरुवातीलाच करा. ओळखीच्या गॅरेजवाल्याचं पत्र कामाला येतं, पण त्याने पार्ट स्वतः उघडून पाहिलेला असावा आणि तसं शपथपत्र द्यायची तयारी असावी.

आणखी एक कलम लक्षात ठेवा. याच कायद्यात सेवेतल्या 'त्रुटी'च्या व्याख्येत माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. 'ह्या मॉडेलला येतोच' हे वाक्य म्हणून महत्त्वाचं. ते कोणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, तर जपून ठेवा.

अख्खी गाडी बदलून मिळेल का?

आशा कमी ठेवा. २००६ मध्ये क्लचच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटीचं वचन पार्ट दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं असेल तर त्यापोटी पूर्ण गाडी मागता येत नाही. २०१० च्या दुसऱ्या प्रकरणात स्वतंत्र तज्ज्ञाने मूळचाच उत्पादन दोष सांगितला तर किंमत परत करा, असा आदेश झाला. मधला फरक तज्ज्ञाच्या अहवालाचा. चौथ्या-पाचव्या वर्षी मागणी पार्ट, लेबर, झालेला खर्च आणि मनस्ताप इतकीच ठेवावी.

पार्ट ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असेल तर?

मग भांडणाचा बाज बदलतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. जिवाला किंवा पर्यावरणाला धोका असलेला दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. कंपनीने मग पूर्ण किंमत द्यायची, गाडी बदलायची किंवा दुरुस्त करायची, शिवाय दंड. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत सात वर्षांपर्यंतच्या गाड्या येतात. इथे वॉरंटीचा प्रश्नच उद्भवत नाही. ताकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगा आठवा: आतलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत खराब होऊन इन्फ्लेटरच, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भागच, फुटायचा. भारतातही कित्येक जुन्या गाड्यांचे इन्फ्लेटर फुकट बदलून दिले गेले, कोणी वॉरंटी कार्ड मागितलं नाही.

पण एक खाच आहे. ग्राहक कायद्यातल्या 'उत्पादन दायित्वा'त माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेली हानी येते, त्या वस्तूचं स्वतःचं नुकसान येत नाही. बेअरिंग जाम होऊन गाडी धडकली आणि हात मोडला तर हाताची भरपाई उत्पादन दायित्वाखाली. बेअरिंगचे पैसे 'दोष' म्हणून वेगळे मागायचे. तक्रार लिहिताना हे दोन भाग वेगळे ठेवा.

बाहेरच्या देशांत काय करतात?

ऑस्ट्रेलियात कंपनीची वॉरंटी संपली तरी वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे अशी कायदेशीर हमी असते. तिथे पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या तक्रारी टोलवल्याबद्दल २०१८ मध्ये फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. ग्राहकांना 'तुमच्या चालवण्याचा दोष' म्हणून परत पाठवलं जायचं. ओळखीचं वाटतं ना? चीनमध्ये २०१३ च्या १५ मार्चला सरकारी वाहिनीने फोक्सवॅगनच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारी दाखवल्या, आणि कंपनीला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष कुठलाही असो, फेडायची तयारी तिथले ग्राहक किती जण मिळून बोलतात त्यावर.

आपल्याकडेही कलम ३५ खाली एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे मालकांचा ग्रुप करून रोज कंपनीला शिव्या घालण्यापेक्षा त्यातल्या वीस जणांची जॉब कार्डं एका फाइलीत लावा.

माझी टॅक्सी आहे. मी ग्राहक धरला जातो का?

स्वतः चालवून पोट भरत असाल तर हो. पाच गाड्या ड्रायव्हरांवर सोडल्या असतील तर आयोगात पहिला आक्षेप यावरच येईल.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी?

ज्या मॉडेलचा एखादा महागडा पार्ट बदनाम आहे, त्याला घ्यावी, नाइलाजाने. नाइलाजाने अशासाठी की कंपनीचा पार्ट टिकणार नाही याचा विमा आपल्याच पैशाने काढायचा. अपवादांची यादी आधी वाचा. रबरी भाग, गळती, आवाज हे शब्द तिथे दिसले तर विक्रेत्याला नेमकं विचारा: "कूलिंग कॉइल धरली आहे का, आणि लेबर धरलंय का?" उत्तर ईमेलवर घ्या.

वैतागून गाडी विकतोय. नव्या मालकाला सांगायचं का?

सांगा, आणि जॉब कार्डांची फाइलही द्या. भाव थोडा पडेल. मी विकली तेव्हा घेणाऱ्याने फाइल चाळली, तिसऱ्या बिलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही चौथ्यांदा जाणार का?" मी म्हटलं, जाईल बहुतेक, पण तेव्हा पैसे देऊ नका, आधी ईमेल करा. मजकूर मी देतो.